किल्ली जपली आणि हातही चालवले

भूमध्य समुद्राच्या काठी पॅलेस्टाइन नावाचा मुलूख आहे. १९४८ साली तिथे लढाई झाली. इस्रायल हे नवे राज्य उभे राहिले. त्या वेळी सात लाखांवर पॅलेस्टिनी लोकांना घरदार, शेती, तेल देणारी जैतुनाची झाडे सोडून जावे लागले. पुष्कळांनी घराला कुलूप लावले आणि किल्ली बरोबर घेतली. चार दिवसांनी परत येऊ, असे त्यांना वाटले. ते परत येणे आजवर झालेले नाही.

येशू ख्रिस्ताचे जन्मगाव बेथलेहेम. त्याच्याजवळ १९५० साली या लोकांसाठी ‘आयदा’ नावाची छावणी वसली. जागा सुमारे १७ एकर. आधी तंबू होते, मग खोल्या झाल्या. माणसे वाढली, जागा मात्र तेवढीच राहिली. म्हणून घरावर घर चढले. बोळ अरुंद झाले. उन्हाळ्यात कित्येक दिवस नळाला पाणी येत नाही. गच्चीवरच्या टाकीतले पाणी पुरवून पुरवून वापरावे लागते.

जुन्या माणसांच्या मनात एक भीती होती. इथेच पक्के घर बांधले, तर लोक म्हणतील, ‘यांनी आपल्या गावावरचा हक्क सोडला.’ भीती खोटी नव्हती. पण तोवर लेकरांनी काय करायचे? चिखलातच वाढायचे का?

तरुणांनी यावर वाट काढली. २००० साली आयदातल्या तरुणांनी एक केंद्र काढले. त्याचे नाव ‘लाजी’. अरबीत लाजी म्हणजे निर्वासित. तिथे मुलांसाठी वाचनालय झाले. हातात हात धरून नाचायचा ‘दबके’ हा आपला जुना नाच मुले-मुली शिकू लागली. पिण्याचे पाणी चांगले की वाईट, हे तपासण्याचे काम निघाले. जमीन नाही, म्हणून गच्चीवर भाजीपाला लावला. छावणीतल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघर जाऊन मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांची विचारपूस करू लागली.

मग गाव विसरले का? मुळीच नाही. छावणीच्या वेशीवर भली मोठी किल्ली उभी आहे. तिच्याखालून रोजची ये-जा चालते.

२०२३ साली गाझात युद्ध पेटले. तेव्हापासून आयदाचेही दिवस अधिक कठीण झाले. म्हणून तर शेजाऱ्याला शेजाऱ्याचा आधार जास्त लागतो.

आम्हांला यातून एक गोष्ट दिसते. हक्क मागायचा तो मागत राहावे, आणि दाराशी असलेले काम आजच हाती घ्यावे. एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही.