चपलेतला खडा

लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलुस’ म्हणजे बारीक टोकदार खडा. चपलेत शिरला की दिसत नाही, पण पाऊल टेकू देत नाही. केलेल्या, न केलेल्या आणि कधीच माफ झालेल्या चुकांसाठी स्वतःला कोसत राहणाऱ्या मनाच्या दुखण्याला युरोपातल्या ख्रिस्ती परंपरेने याच शब्दावरून नाव दिले. हे दुखणे निर्ढावलेल्यांना होत नाही. ते बहुधा फार सोवळ्या मनाच्या माणसांना गाठते.

दोघांचा पस्तावा

येशूच्या अटकेच्या रात्री त्याच्या दोन शिष्यांनी कच खाल्ली. यहूदाने तीस रुप्यांसाठी त्याला धरून दिले, पेत्राने त्याची ओळख तीनदा नाकारली. पस्तावा दोघांनाही झाला. यहूदाने तर पैसे परत नेले, गुन्हाही बोलून दाखवला. पण ज्यांच्यापुढे बोलला त्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. तो एकटा पडला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र ढसाढसा रडला, पण इतर शिष्यांना सोडून गेला नाही.

पुढचा तपशील योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पेत्राने नकार दिला तेव्हा तो निखाऱ्यांपाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर येशू त्याला तलावाकाठी भेटतो, तेव्हाही निखाऱ्यांवर मासळी भाजत असते. निखाऱ्यांसाठीचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. येशू मागचा हिशेब काढत नाही. तीन नकारांच्या जागी तीनदा प्रेमाबद्दल विचारतो आणि दरवेळी मेंढरे सांभाळायचे काम सोपवतो. पौलानेही करिंथकरांना लिहिताना दुःखाचे असेच दोन प्रकार केले आहेत : एक माणसाला वळवते, दुसरे मारते.

सहा तासांची कबुली

१५०५ च्या जुलैत एर्फुर्टजवळ वादळात सापडलेल्या तरुण मार्टिन ल्यूथरच्या अगदी शेजारी वीज पडली. भेदरून त्याने संन्यासी होण्याचा नवस केला आणि पंधरवड्यात तो मठात दाखल झाला. तिथे त्याची पापकबुली कधी कधी सहा-सहा तास चाले. उठून जावे तर एखादे पाप सांगायचे राहिलेच, असे वाटे. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्स अक्षरशः कंटाळले.

तिढा एका शब्दात होता. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातले ‘देवाचे नीतिमत्त्व’ म्हणजे ज्या मापाने देव आपल्याला मोजून शिक्षा करतो ते, असे तो धरून चालला होता. ते माप नसून विश्वास ठेवणाऱ्याला मिळालेले दान आहे, हा अर्थ उमगला आणि तो मोकळा झाला. ही हकीकत त्याने १५४५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, स्वतः लिहून ठेवली आहे.

पण मोकळा झाला म्हणजे कायमचा सुटला, असे नव्हे. १५२७ मध्ये तो पुन्हा खोल निराशेत गेला होता. १५३० मध्ये मुलाच्या शिक्षकाला, येरोम वेलरला, त्याने पत्रातून जो उपाय कळवला तो उपासतापासाचा नव्हता. एकटा राहू नकोस, चारचौघांत मिसळ, थट्टामस्करी कर, असा होता.

मान्रेसाची खोली

प्रॉटेस्टंट ल्यूथरच्या विरुद्ध, म्हणजे कॅथलिक छावणीतला इग्नाशियस लोयोलाही याच आगीतून गेला. १५२२ मध्ये माँटसेराटच्या मठात त्याने तीन दिवस लिहून काढत आयुष्यभराची कबुली दिली. तरी मान्रेसाला आल्यावर तीच पापे तो पुन्हा पुन्हा उकरत राहिला. खोलीतल्या मोठ्या भोकातून स्वतःला झोकून द्यावे, असेही त्याच्या मनात येई. आठवडाभर तो काही खाईना, तेव्हा कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्याला उपास सोडायला लावला. अखेर, झाली ती कबुली पुन्हा द्यायची नाही, असे त्याने ठरवले. ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या पुस्तकात अशा शंकेखोर मनासाठी वेगळ्या सूचना आहेत.

चर्च दुभंगले तेव्हा समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन बाजूंची ही दोन माणसे एकाच औषधावर आली, याचे मला नवल वाटते. माफी मिळाल्यावरही तीच फाइल उघडणे ही नम्रता नाही. तो माफी देणाऱ्यावरचा अविश्वास आहे.

दोष खरा असेल तर

तर तो नाव घेऊन सांगावा. कॅथलिक चर्चमध्ये हे धर्मगुरूसमोर होते. गोव्यात त्याला ‘कुमसार’ म्हणतात. तिथे ऐकलेले धर्मगुरूला कुणालाही सांगता येत नाही. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पापांगीकार बहुधा उपासनेतच सगळे मिळून करतात. आणि कुणाचे देणे असेल तर ते फेडावे. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले, ते येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यावर. आधी स्वागत, मग भरपाई. हा क्रम उलटा केला की माणूस आयुष्यभर दंड भरत बसतो.

रमाबाईंची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त नाही. आपण आधी पुरेसे शुद्ध होऊ आणि मग देवापाशी जाऊ, ही वाट पाहणे त्यांनी तेव्हा सोडले. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे लिहिले आहे. केडगावचे मुक्ती मिशन नावारूपाला आले ते या वळणानंतर.

डॉक्टरकडे कधी जावे

प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून ती पहिल्यापासून म्हणणे, तीच कबुली दर आठवड्याला देणे, नको ते विचार मनात आले म्हणून झोप उडणे, असे महिनोन्‌महिने चालले तर तो मंत्रचळ असू शकतो. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. जीव नकोसा वाटत असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.