यदृच्छेचा जमाखर्च

काही तरुण मंडळी मेजाभोवती बसून एखाद्या कल्पित कथेतील पात्रांच्या भूमिका घेतात, आणि अमुक पात्राने दरी ओलांडली की ते तीत कोसळले, याचा निकाल फाशांवर सोपवतात, असा जो खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी गृहस्थांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने प्रसिद्ध केला, त्याला चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे लागतात. यवतमाळच्या दत्त चौकात लुडोचा फासा सहज मिळेल. वीस बाजूंचा मिळेल अशा भरवशावर मात्र कोणी घरून निघू नये. ही उणीव संगणकावरचा एक चिमुकला प्रोग्राम भरून काढतो. त्याला ना चित्र, ना आवाज, ना जाहिरात. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांड लाइनवर, ‘३डी६+२’ अशी ओळ लिहिली, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरजेत दोन मिळवावेत असा हुकूम सोडला, की पुढच्या ओळीत ‘४, १, ६ : एकूण १३’ असा जबाब रुजू होतो. एवढ्या निरुपद्रवी वस्तूभोवती गैरसमजांचे जे जाळे विणले गेले आहे, ते मात्र फाशाइतकेच जुने आहे.

त्यातला सर्वांत चिवट समज असा, की हातात खुळखुळणारा फासा तेवढा निःपक्षपाती, आणि यंत्राचा फासा म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला फैसला. या समजाच्या पूर्वार्धाची तपासणी होऊन शतक उलटून गेले. राफेल वेल्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे एकदम टाकण्याचा उद्योग २६,३०६ वेळा केला आणि १८९४ साली त्याची आकडेवारी फ्रान्सिस गॉल्टन यांना कळवली. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण शेकडा ३३.३३ असावयास हवे होते, ते ३३.७७ भरले. फरक दिसायला क्षुल्लक. परंतु तीन लाखांहून अधिक फाशांच्या हिशेबात तो निव्वळ योगायोगाने पडणे जवळजवळ अशक्य आहे, हे कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली आपली ‘काय-वर्ग’ कसोटी मांडताना याच आकड्यांवरून दाखवून दिले. ठिपक्यांसाठी फासा कोरताना पाच आणि सहा या बाजूंचे द्रव्य अधिक निघून जाते, त्या बाजू हलक्या होतात आणि वर येतात, असे त्याचे कारण सामान्यतः दिले जाते. तात्पर्य, हातातल्या फाशाच्या ज्या प्रामाणिकपणाची आपण ग्वाही देतो, तो कोरण्याच्या अवजारापाशीच थोडासा लंगडा झालेला असतो.

समजाच्या उत्तरार्धात मात्र तथ्यांश आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. संगणक स्वभावतः आज्ञाधारक. त्याला लहर नाही. तो एक प्रारंभिक संख्या घेतो, ज्याला ‘बीज’ म्हणतात, आणि तिच्यापासून गणिती नियमाने पुढच्या संख्या काढीत जातो. बीज तेच असेल तर क्रमही तोच. पायथन भाषेच्या नित्याच्या ग्रंथालयात वापरला जाणारा ‘मर्सेन ट्विस्टर’ हा नियम माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी बसवला असून, त्याच्या संख्यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्यास २ चा १९,९३७ वा घात, उणे एक, इतक्या संख्या संपाव्या लागतात. मेजावरच्या खेळाला हे पुरून उरते. जेथे पैशाचा किंवा गुप्ततेचा प्रश्न असेल, तेथे मात्र हा नियम निरुपयोगी, कारण त्याच्या ६२४ संख्या क्रमाने पाहिलेला जाणकार पुढची संख्या सांगू शकतो. तेथे कार्यप्रणालीच्या गाभ्यात साठवलेली, यंत्राच्या अंतर्गत हालचालींतून मिळालेली अनिश्चितता वापरावी लागते.

खरी मेख निराळ्याच जागी आहे. कमांड लाइनवरचा प्रोग्राम प्रत्येक हुकुमासरशी नव्याने जन्म घेतो आणि उत्तर देऊन संपतो. त्याच्या कर्त्याने आळसाने घड्याळातले सेकंद हेच बीज धरले असेल, तर एकाच सेकंदात दोनदा फासा टाकणाऱ्यास दोन्ही वेळा तेच दान मिळते. आणि मग ‘यंत्र लबाड आहे’ असा बोभाटा होतो. येथे यंत्राने लबाडी केलेली नसते. कर्त्याने हयगय केलेली असते, आणि या दोन आरोपांत, कोणताही मुन्सफ सांगेल, पुष्कळ अंतर आहे.

अशीच दुसरी हयगय भागाकारातल्या बाकीच्या हिशेबात होते, आणि ती अधिक मनोरंजक आहे. यंत्राकडून ० ते २५५ यांपैकी एक संख्या मिळाली, तिला वीसने भागले आणि बाकीत एक मिळवला, की झाला वीस बाजूंचा फासा, असे नवशिक्यास वाटते. पण २५६ ला वीसने पूर्ण भाग जात नाही. बाराचा भाग लागून सोळा उरतात. परिणामी १ ते १६ या बाजूंच्या वाट्याला प्रत्येकी तेरा संख्या येतात आणि १७ ते २० या बाजूंच्या वाट्याला बाराच. खेळात ज्या चार बाजूंची सर्वांना आस, नेमक्या त्यांच्यावरच अन्याय! शंभर बाजूंच्या फाशात तर अनर्थ होतो : पहिल्या छप्पन्न बाजूंना तीन-तीन संख्या, उरलेल्या चव्वेचाळिसांना दोन-दोन. उपाय सोपा आहे. वीसच्या फाशासाठी २४० आणि त्यावरील संख्या आली तर ती बाद करून नवी मागावी. चांगले प्रोग्राम हेच करतात.

बाकीवरून दान ठरवण्याची ही रीत आजची नाही. प्राचीन भारतातील द्यूत सहा बाजूंच्या घनाकृती फाशांनी चाले, असे आपण चित्रांवरून समजून चालतो. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जे अक्ष आहेत, ती बेहड्याची फळे होत, ज्यांना बाजूच नसतात. विद्वानांत मान्यता पावलेल्या मतानुसार ढिगातून उचललेल्या फळांना चारने भागीत. बाकी शून्य उरली तर कृत, तीन तर त्रेता, दोन तर द्वापर, आणि एक उरली तर कली. यवतमाळच्या सागवानी जंगलात बेहडा आजही उभा आहे. त्याची ओळख आता त्रिफळा चूर्णापुरती उरली आहे, इतकेच.

‘बराच वेळ वीस पडला नाही, आता पडणारच,’ ही समजूत तर शिकल्यासवरल्या मंडळींतही बिनतक्रार नांदते. फाशाला स्मरण नाही. वीस वेळा टाकूनही एकदाही वीस न पडण्याचा संभव शेकडा सुमारे ३६ आहे, म्हणजे तीन खेळाडूंपैकी एकाला हा अनुभव येणे अगदी रास्त. ज्यांना आपल्या प्रोग्रामचा संशय असेल त्यांनी सहा बाजूंचा फासा सहा हजार वेळा टाकवून घ्यावा, जे कमांड लाइनवर डोळ्याचे पाते लवेपर्यंत होते. प्रत्येक बाजू ९४० ते १०६० यांच्या आसपास पडली तर प्रोग्राम ठीक समजावा. प्रत्येक बाजू बरोबर एक हजार वेळा पडली, तर कर्त्यास बोलावून जाब विचारावा.

तीन फाशांची बेरीज आणि एकच मोठा फासा यांत भेद नाही, ही समजूतही टाकून द्यावी. वीसच्या फाशात प्रत्येक बाजूचा हक्क सारखा, शेकडा पाच. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी मात्र १० आणि ११ या बेरजांच्या वाट्याला प्रत्येकी २७ येतात, तर १८ च्या वाट्याला अवघी एक. म्हणूनच मूळ खेळात पात्राचे स्वाभाविक बळ तीन फाशांनी ठरवीत, आणि रणातला प्रसंग एकाने.

फासा म्हटला की जुगार, हा आक्षेप घरोघरी निघतो, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाचा रोख पैजेवर आणि पैशाच्या देवघेवीवर आहे. जेथे पणच नाही, तेथे जुगार कसला? वडीलधाऱ्यांच्या चिंतेला अन्य कारणे असू शकतील. हे कारण नव्हे.

उरला तो समज असा, की यदृच्छा म्हणजे मनमानी, आणि तिचा शास्त्राशी व आपल्या मातीशी संबंध नाही. महाभारताच्या वनपर्वात राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे रथातून निघाला असता वाटेत बेहड्याचे झाड पाहून त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे असल्याचे सांगतो. सारथी झालेला नल रथ थांबवून मोजदाद करतो, तो आकडा बरोबर. हे ज्ञान अक्षविद्येचेच अंग आहे, असे ऋतुपर्ण सांगतो. इयन हॅकिंग या कॅनेडियन तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या उगमावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची मुद्दाम दखल घेतली आहे. नलाची राणी दमयंती हिचे कुंडिनपूर म्हणजे वर्धाकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा सांगते. आणि तीच वर्धा पुढे यवतमाळ जिल्ह्याची सीमा होऊन वाहते.

फांदीवरून झाडाचा अंदाज बांधण्याचे हे काम या जिल्ह्यात आजही दरवर्षी सरकारी दप्तरात होते. पीक कापणी प्रयोगांची यादृच्छिक पद्धत या देशात दृढ करण्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन मराठी सांख्यिकीतज्ज्ञांचा वाटा मोठा. शेत कोणते घ्यायचे हे तलाठ्याच्या किंवा कृषी सहायकाच्या मर्जीवर ठेवीत नाहीत. यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून गट क्रमांक ठरतो. त्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती, हेही संख्याच सांगते, आणि तेथे दोरी लावून तेवढ्याच तुकड्यातले सोयाबीन कापून तोलतात. महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न त्यावरून निघते आणि पीक विम्याची भरपाई त्यावर ठरते. बांधाकाठचे खुरटलेले पीक किंवा विहिरीजवळचे तरारलेले पीक हेरून तुकडा निवडला गेला असेल, तर तक्रारीस जागा आहे. ती करताना शेतकऱ्याने मागायचा दस्तऐवज म्हणजे तक्त्यातली ती संख्या, आणि तिच्याशी जुळणारे पावलांचे माप.