वृद्ध रुग्णाचा 'वात' : म्हातारचळ नव्हे, धोक्याची सूचना

प्रतिनिधी, धाराशिव

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा असंबद्ध बोलू लागतात, मुलाला ओळखत नाहीत, सलाईनची नळी उपटतात. नातेवाईकांपैकी कुणी याला म्हातारचळ म्हणते, कुणी बाहेरची बाधा. जुन्या माणसांच्या तोंडी यासाठी 'वात होणे' हा शब्द आहे. वैद्यकशास्त्र त्याला 'डिलिरियम' म्हणते.

स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो, दिवसभरात कमी-अधिक होतो आणि बहुधा रात्री बळावतो. प्रत्येक रुग्ण आरडाओरडा करतोच असे नाही. काही जण नुसते गुंगीत पडून राहतात. 'शांत झोपले आहेत' अशा समजुतीने त्यांच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते.

कारण शरीरात

मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, वेदना, रक्तातील सोडियमची घट, झोपेच्या किंवा सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, रोजची दारू एकाएकी बंद होणे, यांपैकी एक वा अनेक कारणे त्यामागे असतात. धाराशिवच्या कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होण्याची भर पडते. कारण वेळीच न शोधल्यास पडून दुखापत होणे, रुग्णालयातील मुक्काम लांबणे, प्रसंगी जीव गमावणे हे धोके वाढतात.

उपाय साधे

अमेरिकेतील येल येथे डॉ. शेरॉन इनोये यांनी सत्तरीपुढील 852 रुग्णांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. दिवस-वेळेची आठवण करून देणे, रात्री शांत झोप, लवकर चालवणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, पुरेसे पाणी एवढ्या गोष्टींनी डिलिरियमचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आले.

तेथे हे काम प्रशिक्षित कर्मचारी व स्वयंसेवकांनी केले. आपल्याकडे खाटेशेजारी बसलेला नातेवाईकही त्यातील बरेच काही करू शकतो. जिल्ह्यातून सोलापूर वा लातूरला रुग्ण हलवताना घाईत चष्मा, कवळी, श्रवणयंत्र घरीच राहते. ते आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी आठवणीने सोबत न्यावी. पाणी किती द्यायचे, कधी चालवायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रुग्णाचे हात बांधण्याने अस्वस्थता वाढतेच.

नव्या डॉक्टरांनी रुग्णाला पूर्वी पाहिलेले नसते. त्यामुळे 'परवापर्यंत हे असे नव्हते' हे नातेवाइकाचे एक वाक्य निदानाला दिशा देऊ शकते. ते सकाळच्या फेरीपर्यंत राखून न ठेवता त्याच रात्री सांगावे.