शिकारी कुत्र्याचा जीपीएस पट्टा : घ्यावा की न घ्यावा?

कोणतीही वस्तू घेण्याअगोदर तीन गोष्टी विचाराव्यात असे आमच्या पेढीवरील जुनी माणसे सांगत. मुद्दल किती, चालू खर्च किती आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार? यंत्रमाग घेताना, टेम्पो घेताना, एवढेच काय पण गल्ल्यावरचे हिशोबाचे यंत्र घेतानाही मी हेच तीन प्रश्न विचारले आहेत. गेल्या वर्षी मात्र ते एका अशा वस्तूला लावण्याची वेळ आली, जिचे नावही आपल्या बाजारात कोणी घेत नाही. शिकारी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा, कुत्रा कोठे आहे ते उपग्रहावरून दाखवणारा पट्टा!

वाचक बंधूंना विषय विचित्र वाटेल. पण आज आपल्या कितीतरी घरांतील मुले अमेरिकेत, कॅनडात नोकरी-धंद्याला आहेत. तेथील छंदही त्यांना लागतात आणि खरेदीचा सल्ला मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनाच विचारला जातो. माझा एक भाचा व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिलच्या बाजूला राहतो. कापडवाल्यांना हे गाव माहीत असायला हरकत नाही. डॅन रिव्हर नावाच्या मोठ्या गिरणीचे हे गाव. २००६ साली ही कंपनी आपल्याकडच्या गुजरात हेवी केमिकल्सने विकत घेतली आणि त्याच वर्षी डॅनव्हिलमधील कापडाचे काम बंद पडले. असो. भाच्याकडे बीगल जातीचे दोन कुत्रे आहेत आणि हिवाळ्यात तो शेजाऱ्यांबरोबर सशाच्या शिकारीला जातो. ससा हलाल आहे, आणि शिकारीसाठी, कळपासाठी व शेताच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याचा प्रश्न साधा होता. "मामू, सगळे हजार डॉलरचा पट्टा घ्या म्हणतात. घेऊ का?"

आधी ही वस्तू आहे काय ते पाहू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि केवळ वेळेचा संकेत सोडत असतात. पट्ट्यातील यंत्र हे संकेत पकडते व स्वतःची जागा स्वतःच काढते. उपग्रहाला कुत्र्याचा पत्ता नसतो. ही व्यवस्था अमेरिकन लष्कराची. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य लोकांसाठी तिच्यात मुद्दाम चूक ठेवलेली असे आणि शंभर मीटरपर्यंत फरक पडे. ती चूक काढून टाकल्यावरच असल्या वस्तूंचा बाजार उभा राहिला. त्याअगोदर शिकारी लोक कुत्र्याच्या गळ्यात टिकटिक करणारा रेडिओ बांधून हातात अँटेना घेऊन डोंगरभर फिरत. आवाज कोणत्या दिशेने मोठा येतो यावरून अंदाज बांधावा लागे. गार्मिन कंपनीने २००७ च्या सुमारास अ‍ॅस्ट्रो नावाचा संच काढला आणि हे बदलले. २०११ मध्ये तिने कुत्रे शिकवण्याचे पट्टे बनवणारी ट्राय-ट्रॉनिक्स कंपनी विकत घेतली आणि पुढे माग काढणे व शिकवणे अशी दोन्ही कामे करणारा अल्फा हा संच आणला.

आता खरा मुद्दा. कुत्र्याला आपली जागा कळली, पण ती मालकापर्यंत पोहोचणार कशी? सारा फरक, सारी किंमत आणि सारी फसवणूक येथेच आहे.

एक प्रकार रेडिओचा. पट्टा आपली जागा वायरलेसने थेट मालकाच्या हातातील यंत्राला कळवतो. मध्ये मोबाइलचा टॉवर नाही, महिन्याचे भाडे नाही. अमेरिकेत यासाठी १५१ ते १५४ मेगाहर्ट्झमधील काही लहरी विनापरवाना वापरासाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. हँडसेट व एक पट्टा मिळून आठशे ते हजार डॉलरच्या घरात जातो, म्हणजे आपले सत्तर-ऐंशी हजार किंवा वरच. पुढच्या प्रत्येक कुत्र्यासाठी तीनशे-साडेतीनशे डॉलरचा आणखी एक पट्टा. डॉगट्रा कंपनीचा पाथफाइंडर हा याचाच स्वस्त भाऊ. त्यात वेगळा हँडसेट नसून आपला मोबाइल फोनच पडद्याचे काम करतो आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर इंटरनेट नसतानाही चालतो. पण पावसात, थंडीत, हातमोजे घालून फोन चालवण्याचा ज्याला अनुभव आहे त्याला यातील अडचण समजेल. शिवाय फोनची बॅटरी आधी मरते.

दुसरा प्रकार सिमकार्डाचा. ऑस्ट्रियाची ट्रॅक्टिव्ह ही कंपनी यात प्रसिद्ध. यंत्र फारच स्वस्त, पण दरमहा किंवा वर्षाची वर्गणी भरावी लागते आणि जेथे मोबाइलची रेंज नाही तेथे पट्टा मुका. फिनलंड, स्वीडनकडे मोठ्या सांबरासारख्या एल्क जनावराची शिकार कुत्र्यांच्या मदतीने होते. तेथे जंगलातही मोबाइलचे जाळे चांगले असल्याने सिमवाले शिकारी पट्टे खूप चालतात आणि ते बनवणाऱ्या कंपन्याही तिकडच्याच आहेत. स्वीडनमध्ये लांडगे शिकारी कुत्र्यांना मारतात, म्हणून तेथील माणूस कुत्रा कोठे आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात हे जाळे ठिकठिकाणी तुटते. म्हणून एका देशातील शिफारस दुसऱ्या देशात चालत नाही.

काही लोक किल्ल्यांना लावायचे ब्लूटूथचे बटण कुत्र्याला लावून पैसे वाचवू पाहतात. त्या बटणात जीपीएसच नसते. जवळून दुसऱ्या कोणाचा फोन गेला तरच ते सापडते. जंगलात कोण जाणार फोन घेऊन? सशाला तर फोन नाही!

जाहिरातीत लिहिलेले नऊ मैल हा आकडा मी भाच्याला आधीच खोडायला सांगितला. हे अंतर मोकळ्या मैदानात, मध्ये काही आडवे नसताना मिळते. टेकडी आली, ओली दाट झाडी आली की दोन मैल मिळाले तरी पुष्कळ. कापडाच्या गाठीवर लिहिलेला मीटर आणि प्रत्यक्ष मोजलेला मीटर यांतला फरक आपल्याला माहीत आहे, तसेच हे. बॅटरीचेही तेच. पट्टा दर अडीच सेकंदांनी जागा कळवत असेल तर एक दिवस निघतो, दोन मिनिटांनी कळवत असेल तर कितीतरी जास्त. पण पळणारा कुत्रा दोन मिनिटांत रस्ता ओलांडून जातो, तेव्हा लांबवलेल्या बॅटरीचा उपयोग कुत्रा हरवल्यानंतरच.

भाच्याचा हिशोब आम्ही दोघांनी फोनवर मांडला. शिकवलेल्या बीगलची किंमत कित्येकदा या संचाहून कमी असते. मग हजार डॉलरचे कुलूप पाचशेच्या पेटीला का लावावे? शिवाय बीगल हा भुंकत धावणारा कुत्रा, आणि ससा आपला इलाखा सोडून फार लांब जात नाही, गोल फिरून परत येतो. कान उघडे ठेवले की कुत्रे कोठे आहेत ते कळते. नुसत्या सशाच्या शिकारीसाठी पट्टा लागत नाही, असे माझे मत झाले होते आणि ते आजही आहे.

पण भाच्याचे कुत्रे सशावरून हरणाच्या वासावर जात. हरीण गोल फिरत नाही, सरळ मैलोन् मैल जाते आणि कुत्रा त्यामागे. तेथून पाच मैलांवर मोठा हमरस्ता आहे. मागील हंगामात त्याचे चार रविवार कुत्रे शोधण्यात गेले होते आणि एकदा तर रात्री दहापर्यंत तो टॉर्च घेऊन फिरत होता. शिवाय दुसऱ्याच्या जमिनीचा प्रश्न. व्हर्जिनियाच्या कायद्याने कुत्रा परक्याच्या मनाई असलेल्या जमिनीत शिरला तर तो आणायला मालकाला जाता येते, पण बंदूक बरोबर नेता येत नाही. जमीनमालकांना हे आवडत नाही आणि त्यावरून तेथे जुने भांडण आहे. आपल्या नावाच्या, आपल्या चेहऱ्याच्या माणसाने संध्याकाळी अनोळखी शेतात कुत्र्याला हाका मारत हिंडणे ही कशी गोष्ट आहे, हे मी वेगळे सांगत नाही. पट्टा असला तर नेमक्या जागी जाऊन पाच मिनिटांत कुत्रा घेऊन बाहेर पडता येते. हजार डॉलरच्या बाजूला हे वजन पडल्यावर काटा हलला.

मग कोणता घ्यावा? येथे दुकानदार नेहमी विजेचा झटका देणारा पट्टा पुढे करतो. झटक्याने हरणाचा नाद सुटतो असे ते म्हणतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे असे पट्टे बंद आहेत, वेल्समध्ये २०१० पासून. अमेरिकेत ते चालतात. मुक्या जनावराला झटका देऊन शिकवण्यापेक्षा नुसता माग दाखवणारा पट्टा घ्यावा, तो काही डॉलरने स्वस्तही मिळतो, एवढे मी मामा या नात्याने सांगितले. भाच्याने ते मानले.

वजनही पाहावे. पूर्ण आकाराचा पट्टा पाव किलोहून जास्त भरतो. दहा-बारा किलोच्या बीगलच्या मानेला दिवसभर हे ओझे खरे, म्हणून त्याच कंपनीचा लहान नमुना घ्यावा, बॅटरी थोडी कमी चालली तरी. आणि दोन कुत्र्यांना एकच पट्टा घेऊन पुढे धावणाऱ्याच्या गळ्यात बांधायचा ही काटकसर फसते. हरणामागे कुत्रे फुटतात आणि हरवतो तो नेहमी बिनपट्ट्याचा.

जुना माल घ्यावा का? हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये पुष्कळ संच विक्रीस येतात. पण एका कंपनीचा पट्टा दुसरीच्या हँडसेटला जुळत नाही, आणि एकाच कंपनीतही जुना-नवा जुळेलच असे नाही. बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. म्हणून जुना हँडसेट चालेल, पट्टे मात्र नवे घ्यावेत, असे आमचे ठरले. सस्ता रोए बार बार, महँगा रोए एक बार, हे येथे निम्मेच लागू पडते.

आता आपल्या कामाची गोष्ट, आणि ती जरा गंभीरपणे घ्यावी. असले संच भेट म्हणून किंवा विक्रीसाठी भारतात आणू नयेत. आपल्याकडे कारवान, मुधोळ, रामपूर हाउंड असे उत्तम शिकारी कुत्रे आहेत आणि शौकीन लोक परदेशातून मागवण्याची भाषा करतात. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे शिकार बंद आहे. कुत्रे सोडून ससा धरणे हाही गुन्हाच. तेव्हा शिकारीच्या नावाने तर हा पट्टा येथे निरर्थक आहे. दुसरे, अमेरिकेत ज्या लहरी मोकळ्या आहेत त्या येथे मोकळ्या नाहीत, वायरलेसचा परवाना लागतो. युरोपातसुद्धा अमेरिकेचा संच चालत नाही, तेथे वेगळ्या लहरींचा घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. गार्मिनच्या अल्फा मालिकेत २०० व ३०० या आकड्यांपुढे 'आय' हे अक्षर असलेले नमुने आहेत. त्यांत इरिडियम उपग्रहामार्फत संदेश पाठवण्याची सोय असते. विनापरवाना असे उपग्रह संच भारतात बाळगता येत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर यावर फारच कडक नजर आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर गार्मिनच्याच असल्या यंत्रापायी परदेशी पाहुण्याला अडवले गेले आणि प्रकरण पोलिसांत गेले. ते डोंगरात भटकंतीसाठी वापरायचे यंत्र होते, त्यात वाईट हेतू काही नव्हता. आपला मुलगा सुट्टीवर येताना बॅगेत असे यंत्र विसरला तर विमानतळावर त्याला कोणत्या प्रश्नांना तोंड द्यावे लागेल याचा विचार प्रत्येक बापाने करावा. भाच्याला मी 'आय'वाला नमुना घेऊच नको म्हणून बजावले. त्याला तेथे त्याची गरजही नव्हती, वर त्याची वर्गणी वेगळी.

कारागीर बांधवांसाठी एक शब्द. या संचातील यंत्र आपल्या आवाक्यातले नाही, पण पट्टी आहे. कंपनीची पट्टी प्लास्टिकची असते. पुष्कळ शिकारी ती काढून पॉलिएस्टरच्या नवारीवर प्लास्टिकचा लेप दिलेली पट्टी लावतात, कारण ती पाणी पीत नाही, कुजत नाही आणि धुता येते. सुती नवार येथे चालणार नाही, साधी नायलॉनची ओली होऊन मान सोलते. कानपूरचे कारागीर घोड्यांचे साज आणि कुत्र्यांचे चामडी पट्टे कित्येक वर्षे परदेशी पाठवीत आहेत. लेपाच्या पट्टीचे काम नवारवाल्यांना व चामडेवाल्यांना मिळून करता येण्यासारखे आहे. भोके मात्र मापात हवीत. यंत्राचे पेच ज्या अंतरावर बसतात त्यात एक मिलिमीटर चुकला तर माल परत येतो.

भाच्याने मार्चमध्ये एक वर्ष वापरलेला हँडसेट आणि दोन लहान नवे पट्टे घेतले. एकंदर खर्च हजाराच्या थोडा वर गेला. पट्ट्यांची भोके मोजून त्याने कागदावर काढून पाठवली आहेत. तो कागद सध्या आमच्या पेढीवर आहे, कोणा कारागिराला पाहायचा असेल तर जुमा सोडून केव्हाही यावे.