स्थानिक संवेदनाहारके व दृष्टिनाश
शरीराच्या ठराविक भागातील तंत्रिकांचे संदेशवहन तात्पुरते थांबविणाऱ्या (भूल देणाऱ्या) औषधांच्या वापरानंतर दृष्टी जाण्याचा प्रकार. बहुधा ती काही मिनिटांत वा तासांत परत येते. क्वचित ती कायमची जाते. दोहोंची कारणे निराळी आहेत.

कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो, हे व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये दाखविले. त्याच वर्षी हेर्मान नॅप यांनी ते नेत्रगोलामागे टोचून पाहिले. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हीच पद्धत रूढ झाली. औषध म्हणून मात्र लिग्नोकेनसारखी कमी विषारी द्रव्ये आली. नेत्रगोलामागे टोचलेले औषध दृक् तंत्रिकेपर्यंत पोहोचले, की डोळ्यापुढे अंधार येतो. हा औषधाचा स्वाभाविक परिणाम होय. तो आधी सांगितलेला नसेल, तर रुग्ण घाबरून जातो. खालची दाढ काढताना औषध चुकून रोहिणीत गेल्यास ते नेत्रकोटराशी जोडलेल्या शाखांतून डोळ्याकडे जाते, असे मानतात. त्या वेळी अंधुक वा दुहेरी दिसते. औषध ओसरताच दृष्टी बहुधा पूर्ववत होते.

कायमच्या दृष्टिनाशात दोष बहुतेक वेळा औषधापेक्षा सुईचा असतो. सुई टोचताना रुग्णाने वर व नाकाकडे पाहावे, असे ॲटकिन्सन यांनी १९३६ मध्ये सुचविले होते. त्या स्थितीत दृक् तंत्रिका सुईच्याच वाटेत येते, हे १९८१ मध्ये क्ष-किरण छेदचित्रणाने दिसून आले. सुमारे पंचेचाळीस वर्षे ही सूचना पाळली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आता रुग्णास समोर पाहण्यास सांगतात. तीव्र लघुदृष्टी असलेल्यांचा नेत्रगोल लांबट असल्याने त्यास भोक पडण्याचा धोका अधिक असतो. डोळ्यामागे रक्तस्राव झाल्यास दाब वाढून जालपटलाचा रक्तपुरवठा तुटतो. प्राण्यांवरील प्रयोगांत जालपटल अशा स्थितीत सुमारे दीड तासच तग धरते, असे आढळले. म्हणून डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्यास छेद देऊन दाब तत्काळ कमी करतात. न टोचलेल्या डोळ्याचीही दृष्टी गेली, तर औषध मेंदूकडे गेल्याचे ते लक्षण असून श्वसन बंद पडू शकते. बोथट नलिका व नुसते थेंब यांच्या वापरामुळे हे अपघात कमी झाले आहेत.

थेंबांचा धोका मात्र वेगळाच असून तो ग्रामीण भागास अधिक जवळचा आहे. इंदापूर तालुक्यातील लासुर्ण्यासारख्या ऊस पिकविणाऱ्या गावांत उसाचे पाते डोळ्यास लागणे वा वेल्डिंगच्या झोताने डोळे चुरचुरणे नित्याचेच. तपासणीपुरता घातलेला बधिर करणारा थेंब तत्काळ आराम देतो. म्हणून काही जण तीच बाटली मिळवून घरी वारंवार वापरतात. त्यामुळे स्वच्छमंडलावरील पेशींचे आवरण भरून येत नाही आणि पापण्यांची उघडझाप मंदावते. पात्याबरोबर बुरशी आत गेली असेल, तर व्रण वाढत जातो. दुखणे थांबलेले असल्याने रुग्ण उशिरा येतो. तोवर स्वच्छमंडल पांढरे पडलेले वा फुटलेले असते.