चावऱ्यांचा हंगाम

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ-क्युबेकच्या उत्तरेकडच्या जंगलांत बर्फ वितळलं की चावणाऱ्या किड्यांचे दिवस सुरू होतात. काळी माशी, डास, चिलटं यांत रक्त पितात त्या फक्त माद्या.

काळी माशी : जेमतेम २ ते ५ मिलिमीटर. जोर मे-जूनमध्ये. अळ्या वाढतात वाहत्या, स्वच्छ पाण्यात, म्हणजे खळाळता ओढा इथे शुभवर्तमान नव्हे! डासासारखी सोंड खुपसत नाही. कातडी कापून रक्त पिते. चावते दिवसाउजेडी. तंबूत शिरली तर चावायचं सोडून बहुधा उजेडाकडे धावते. कानामागे, केसांच्या कडेला, मोज्याच्या काठाशी तिचा डोळा. म्हणून पँट मोज्यांत खोचतात. कपडे फिके बरे, गडद रंगाकडे ती ओढली जाते.

डास : साचलेलं पाणी, तिन्हीसांजेची वेळ.

चावरी चिलटं : १ ते ३ मिलिमीटर. खिडकीच्या साध्या जाळीतून आत येतात.

गोचीड : कीटक नव्हे. आठ पाय, कोळ्याच्या गोतावळ्यातला जीव. काही जातींमुळे लाइम रोग होतो.

डीट : अमेरिकी लष्करासाठी १९४६ मध्ये तयार झालेलं, अंगाला लावायचं किडे पळवणारं औषध; १९५७ पासून सर्वांसाठी खुलं. कॅनडात प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत. टक्केवारी जास्त म्हणजे परिणाम जास्त वेळ. चष्म्याच्या प्लास्टिक फ्रेमला मात्र लागू देऊ नये, ती खराब होते.