पहारा नेमका कशावर?

सर्व्हरवर लक्ष ठेवणारं ओपन सोर्स साधन निवडायचं झालं की आधी सोयींचा तक्ता मांडला जातो: आलेख कोणाचे देखणे, अलर्ट मोबाइलवर कोण पाठवतं. या तक्त्यावर माझा भरवसा नाही. ग्राफाना जोडलं की देखणे आलेख कुणालाही मिळतात. खरा फरक आहे तो साधन कोणत्या गरजेतून जन्मलं यात. १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावानं आलेल्या नागिओसचा मूळ प्रश्न सरळ होता: सेवा चालू आहे की बंद? लॅटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांचं झॅबिक्स २००१ मध्ये खुलं झालं. ते प्रत्येक यंत्राची मोजमापं डेटाबेसमध्ये साठवतं, म्हणजे यंत्रांची यादी बऱ्यापैकी स्थिर आहे असं धरून चालतं. प्रोमीथियसचं काम २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालं, आणि तिथली अडचणच वेगळी होती. सेवांच्या प्रती सतत नव्या सुरू व्हायच्या, जुन्या बंद पडायच्या. हातानं लिहिलेली यादी लिहून होईतो शिळी. म्हणून प्रोमीथियस कुबरनेटीजसारख्या व्यवस्थेकडून ताजी यादी घेतं आणि ठरावीक वेळानं स्वतः जाऊन आकडे गोळा करतं.

यावर कुणी म्हणेल, एसएनएमपी एक्स्पोर्टर जोडला की प्रोमीथियसला स्विचही दिसतात; मग सगळीकडे तेच का नको? दिसतात, हे खरं. पण एक्स्पोर्टर हा सांभाळायचा आणखी एक प्रोग्राम, आणि प्रॉमक्यूएल ही शिकायची आणखी एक भाषा. शिवाय वेगळं काही सांगितलं नाही तर प्रोमीथियस पंधराच दिवसांचा डेटा ठेवतं. चाळीस स्विच, चार सर्व्हर आणि दोन माणसं असलेल्या कार्यालयाला झॅबिक्सचे तयार टेम्प्लेट कितीतरी सोयीचे. उलट मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या शेकडो कंटेनरांचा भार त्याच्या डेटाबेसवर टाकणं मला पटत नाही, जरी झॅबिक्स आता कुबरनेटीजही पाहू शकत असलं तरी.

साधन फुकट आहे, दोन्ही लावून पाहू, हा युक्तिवादही अपुरा आहे. परवान्याचे पैसे वाचतात. अलर्टच्या मर्यादा ठरवणाऱ्या माणसाचे तास वाचत नाहीत. डिस्क नव्वद टक्के भरली म्हणून रात्री दोनला उठवायचं, की चार तासांत भरणार असेल तरच, हे कोणतंही साधन आपण होऊन ठरवत नाही. आणि पहारेकरीच झोपला तर? त्यासाठी जाणती मंडळी सतत वाजत राहणारा एक अलर्ट बाहेरच्या सेवेकडे पाठवत ठेवतात. तो थांबला की तिथून फोन येतो.